जपानमधील परदेशी शिक्षकांची पितृत्व रजा

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या पुरुष शिक्षकास अपत्यजन्मानंतर बालसंगोपनासाठी मिळणाऱ्या कायदेशीर रजेस सर्वसाधारणपणे पितृत्व रजा म्हटले जाते. ही रजा राष्ट्रीयत्वावर अवलंबून नसून नोकरीच्या स्वरूपावर अवलंबून असते. त्यामुळे जपानी शाळांमध्ये इंग्रजी व अन्य विषय शिकवणारे परदेशी शिक्षकही तिला पात्र ठरू शकतात. मात्र त्यांच्यापैकी अनेकांचे करार वर्षभराचे असल्याने हा हक्क प्रत्यक्षात मिळणे कराराच्या नूतनीकरणाशी जोडलेले असते.

पार्श्वभूमी

बालसंगोपन रजेचा कायदा जपानमध्ये इ.स. १९९१ मध्ये संमत झाला व १ एप्रिल १९९२ पासून अमलात आला. आई व वडील या दोघांनाही मूल एक वर्षाचे होईपर्यंत रजा घेण्याचा हक्क त्याने दिला. पाळणाघरात जागा न मिळाल्यास ही मुदत दीड वर्षापर्यंत आणि ऑक्टोबर २०१७ पासून दोन वर्षांपर्यंत वाढवता येते.

परदेशी शिक्षकांची मोठी संख्या ‘जेट’ या सरकारी कार्यक्रमातून जपानमध्ये येते. इ.स. १९८७ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात सहायक भाषाशिक्षकाची नेमणूक एका वर्षासाठी होते व ती कमाल पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. याखेरीज स्थानिक शिक्षण मंडळे, खासगी शाळा, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपन्या आणि संभाषण-वर्गही परदेशी शिक्षक नेमतात.

रजेचे प्रकार

ऑक्टोबर २०२२ पासून वडिलांसाठी ‘जन्मोत्तर पितृ-संगोपन रजा’ हा स्वतंत्र प्रकार लागू झाला. मुलाच्या जन्मानंतरच्या आठ आठवड्यांत एकूण चार आठवड्यांपर्यंत ही रजा घेता येते व ती दोन भागांत विभागता येते. तिचा अर्ज साधारणतः दोन आठवडे आधी, तर नेहमीच्या बालसंगोपन रजेचा अर्ज एक महिना आधी करावा लागतो. दोन्ही रजा एकामागून एक घेता येतात. एप्रिल २०२२ पासून, कर्मचाऱ्याने पत्नीच्या गरोदरपणाची माहिती दिल्यावर त्याला रजेच्या तरतुदी समजावून सांगणे आणि त्याचा इरादा विचारणे मालकावर बंधनकारक आहे.

आर्थिक साहाय्य

रजेच्या काळात वेतन देणे मालकावर बंधनकारक नाही. रोजगार विम्यातून पहिल्या १८० दिवसांसाठी वेतनाच्या ६७ टक्के आणि त्यानंतर ५० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी रजेपूर्वीच्या दोन वर्षांत किमान १२ महिने विम्याचा हप्ता भरलेला असावा लागतो. एप्रिल २०२५ पासून आई व वडील दोघांनीही किमान १४ दिवस रजा घेतल्यास कमाल २८ दिवसांसाठी १३ टक्के अधिक रक्कम मिळते. भत्त्यावर आयकर नसतो व अटी पूर्ण झाल्यास सामाजिक विम्याचा हप्ताही माफ होतो. त्यामुळे या काळातील उत्पन्न हाती पडणाऱ्या नेहमीच्या वेतनाच्या जवळपास राहते. रहिवासी कर मात्र मागील वर्षाच्या उत्पन्नावर आकारला जात असल्याने तो रजेतही भरावा लागतो.

कंत्राटी शिक्षकांचा प्रश्न

पूर्वी मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यास एक वर्षाच्या सलग सेवेची अट होती. ती एप्रिल २०२२ मध्ये कायद्यातून काढण्यात आली. मात्र कामगार-मालक करारान्वये ती ठेवण्याची मुभा आहे. मूल दीड वर्षाचे होण्यापूर्वी करार संपणार व त्याचे नूतनीकरण होणार नाही हे निश्चित नसावे, ही अट आजही कायम आहे. जपानमधील शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. समजा, फेब्रुवारीत मूल जन्मले आणि शिक्षकाचा करार मार्चअखेर संपत असेल. नूतनीकरणाची शक्यता खुली असल्यास तो रजेस पात्र ठरू शकतो. नूतनीकरण होणार नाही हे आधीच ठरले असल्यास नेहमीची बालसंगोपन रजा त्याला मिळत नाही. सेवा-करारावर स्वतंत्र व्यावसायिक म्हणून शिकवणाऱ्यांना कर्मचारी मानले जात नसल्याने ते या तरतुदींच्या बाहेर राहतात. सरकारी शाळांच्या सेवेतील शिक्षकांना स्थानिक लोकसेवकांसाठीचा वेगळा कायदा लागू होतो.

नवजात बालकाची नोंदणी

परदेशी दांपत्याचे मूल केवळ जपानमध्ये जन्मले म्हणून जपानी नागरिक होत नाही. जन्माची नोंद १४ दिवसांत नगरपालिका कार्यालयात करावी लागते. मूल ६० दिवसांहून अधिक काळ देशात राहणार असल्यास वास्तव्याच्या दर्जासाठी जन्मापासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. भारतीय पालकांना याशिवाय नागरिकत्व कायदा, १९५५ नुसार एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जन्मनोंदणी करावी लागते. आजी-आजोबा वा इतर नातलग जवळ नसताना ही कामे आणि बाळंतिणीची देखभाल बहुधा वडिलांवरच येते. परदेशस्थ कुटुंबांना या रजेची गरज विशेष भासते ती यामुळेच.

सामाजिक वास्तव

कायद्याने हक्क दिला तरी पुरुष तो दीर्घकाळ क्वचितच वापरत. सरकारी पाहणीनुसार रजा घेणाऱ्या पुरुषांचे प्रमाण इ.स. २०१२ मध्ये १.८९ टक्के होते. ते २०२३ मध्ये ३०.१ टक्के आणि २०२४ मध्ये ४०.५ टक्के झाले. रजा मागणाऱ्या वडिलांच्या छळास जपानीत ‘पाताहारा’ हा शब्द रूढ असून, जानेवारी २०१७ पासून असा छळ रोखण्याची उपाययोजना करणे मालकांवर बंधनकारक आहे.

भारताशी तुलना

भारतात केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास, हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असल्यास, १५ दिवसांची सवेतन पितृत्व रजा मिळते. खासगी क्षेत्रातील वडिलांसाठी मात्र तशी सर्वसाधारण कायदेशीर तरतूद नाही.