सूक्ष्मकणी मृदेतील जलनिचरा : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बोईसर-पालघर परिसराच्या किनाऱ्यावर दोन प्रकारची भूमी आढळते. तारापूर अणुविद्युत केंद्र (१९६९) बेसॉल्ट खडकावर उभे राहिले. खाडीकाठची खाजणे मात्र मऊ, चिकण गाळाची आहेत. या गाळात पाणी विपुल असले तरी पंपाने ते उपसता येत नाही, कारण सूक्ष्म छिद्रांतून त्याची गती अत्यंत मंद असते. त्यामुळे अशा जमिनीवर बांधलेली वास्तू वर्षानुवर्षे खचत राहते.

खारबंदिस्ती :
कोकणातील शेतकऱ्यांनी या भूमीवर बांध व उघाडी यांचा उपाय योजला. उघाडीची झडप ओहोटीस उघडते व भरतीस मिटते. १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्याने या कामास शासकीय आधार दिला. तथापि या पद्धतीने प्रामुख्याने पृष्ठभागावरील खारे पाणी हटते. खोल थरांतील पाणी तेथेच राहते. भातशेतीस एवढे पुरेसे होते, जड बांधकामास नव्हे.

शास्त्रीय पाया :
१९२५ मध्ये कार्ल टर्झागी यांनी दृढीकरणाचा सिद्धांत मांडला. चिकणमातीवर टाकलेला भार प्रथम छिद्रांतील पाणी पेलते. ते निसटू लागले की भार कणांवर येतो व थर दबतो. यास लागणारा काळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर एक दशांश केल्यास काळ एक शतांश होतो. यातूनच अमेरिकेत वाळूचे उभे स्तंभ, तर स्वीडनमध्ये वाल्टर शेलमन यांच्या पुठ्ठ्याच्या निचरा-पट्ट्या पुढे आल्या. जर्मनीत लिओ कासाग्रांदे यांनी १९३० च्या दशकात विद्युतप्रवाहाने पाणी हलविण्याची पद्धत वापरली. परंतु विजेच्या खर्चामुळे ती मर्यादित राहिली.

महाराष्ट्रातील उपयोजन :
१९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा येथील बंदराच्या कंटेनर आवारात सागरी चिकणमातीवर हेच तत्त्व वापरले गेले. उभ्या पट्ट्या रोवून व वर भराव टाकून पाणी बाहेर काढण्यात आले आणि अपेक्षित खचण बांधकामापूर्वीच घडवून आणण्यात आली.

निष्कर्ष :
दोन्ही पद्धतींत एक मूलभूत भेद आहे. खारबांध फुटल्यास भरती परत येते, तिवरे पुन्हा रुजू शकतात. दृढीकरण झालेला गाळ मात्र बहुतांशी पूर्ववत होत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाल्यानंतर पालघर किनाऱ्यावर बांधकामाचा भार वाढणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कोणते खाजण कोरडे करावे व कोणते मच्छीमार आणि मिठागर यांच्यासाठी राखावे, याचा निर्णय पहिली पट्टी रोवण्यापूर्वीच होणे आवश्यक ठरते.