अडलेल्या डिस्कची कुळकथा

जुनी हार्ड डिस्क जोडून संगणक सुरू करावा, पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह यावं आणि पुढे काहीच घडू नये. तीच डिस्क काढली की संगणक लगेच सुरू व्हावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो: ‘डिस्क उडाली. फॉरमॅट मारून बघा, नाहीतर नवी घ्या.’ जाणता दुरुस्तीकार असं करत नाही. तो आधी डिस्क सोडवून संगणक तिच्याविना चालतो का ते पाहतो. मग केबल बदलतो, डिस्कचा आवाज ऐकतो, पडद्यावरचा संदेश शब्दशः वाचतो, डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी तपासतो, आतली माहिती दुसरीकडे उतरवून घेतो आणि दुरुस्तीला सगळ्यांत शेवटी हात घालतो. हा क्रम कुणा एकाने बसून आखलेला नाही. १९५६पासून आलेल्या यंत्रांनी आपापल्या बिघाडांतून त्याची एकेक पायरी शिकवली आहे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत, रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली. सप्टेंबर १९५६मध्ये ती ‘३०५ रॅमॅक’ या संगणकाबरोबर जाहीर झाली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत. सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. वजन टनापेक्षा जास्त. वाचणारं हेड तबकडीला टेकू नये म्हणून मधे दाबाखालची हवा सोडलेली असे. १९६१च्या आयबीएम १३०१मध्ये प्रत्येक पृष्ठभागाला स्वतंत्र हेड मिळालं आणि फिरत्या तबकडीने ओढलेल्या हवेवरच ते तरंगू लागलं. डिस्कचा मूळ धर्म तेव्हा ठरला तो आजतागायत तसाच आहे: हेडने फिरत्या पृष्ठभागाच्या अगदी जवळ राहायचं, पण स्पर्श करायचा नाही. धुळीचा कण मधे आला किंवा हेड घसरलं की पृष्ठभाग खरवडला जातो आणि तिथली अक्षरं कायमची जातात.

त्या काळी संगणक सुरू होणं मात्र डिस्कवर अवलंबून नसे. पहिली आज्ञावली पंच केलेल्या कार्डांतून किंवा खटक्यांतून आत जाई. १९७५चा अल्टेअर ८८०० विकत घेणाऱ्याला समोरच्या पट्टीवरचे खटके वर-खाली करून सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम स्वतः भरावा लागे. डिस्क बिघडली तर माहिती जाई, यंत्र मात्र जागं होई.

डिस्कचं पुढचं वळण १९७३चं. आयबीएम ३३४०, म्हणजेच ‘विंचेस्टर’ नावाने प्रसिद्ध झालेल्या डिस्कमध्ये तबकड्या, हेड आणि त्यांचे हात एकाच बंद पेटीत बसवले गेले. डिस्क थांबली की हेड वंगण लावलेल्या तबकडीवरच उतरत. धूळ आत जाईना, त्यामुळे हेड आणखी जवळ नेता आलं आणि तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावू लागली. मात्र या रचनेतून एक नवा आजारही आला. डिस्क बरेच दिवस बंद राहिली की गुळगुळीत हेड गुळगुळीत तबकडीला चिकटून बसे आणि मोटरला ते सुटत नसे. दुरुस्तीकार मग डिस्क हातात धरून तबकडी ज्या दिशेने फिरते त्या दिशेने झटका देत आणि हेड सोडवत. हा उपाय त्या पिढीच्या डिस्कांचा आहे. पुढे हेड तबकडीबाहेरच्या उतारावर विसावू लागले; अशा डिस्कला हिसका दिला तर फायद्यापेक्षा इजाच होण्याची शक्यता जास्त.

पेटी बंद झाली तसा दुरुस्तीकाराचा हातही बाहेर राहिला. आता आतलं दुखणं बाहेरूनच ओळखायला हवं होतं, आणि तिथून आवाजाला महत्त्व आलं. मोटर फिरते की नाही, फिरून थांबते का, हेड एकसारखं खट-खट करतं का? तबकडीवरच्या मार्गदर्शक खुणा हेडला सापडल्या नाहीत की ते मूळ जागी परततं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तोच तो खटका. हा आवाज आला की वीज तोडावी. डिस्क घरी उघडू नये. धूळमुक्त खोली नसेल तर उघडलेल्या डिस्कमध्ये रॅमॅकच्या काळापासूनचा तोच शत्रू शिरतो.

मार्च १९८३मध्ये संगणक आणि डिस्क यांची गाठ पक्की बांधली गेली. त्याआधी १९८०मध्ये शुगार्ट टेक्नॉलॉजीने, म्हणजे नंतरच्या सीगेटने, एसटी-५०६ ही सव्वापाच इंची, ५ मेगाबाइटची डिस्क आणली होती. तरीही १९८१च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हती. १९८३च्या पीसी एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क आली आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. एका डिस्कचे भाग पाडता यावेत म्हणून तिच्या पहिल्याच सेक्टरची, म्हणजे माहितीच्या पहिल्या छोट्या कप्प्याची, वाटणी ठरवली गेली. एकूण ५१२ बाइट: ४४६ बाइटांत छोटा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत चार भागांचा तक्ता आणि शेवटच्या दोन बाइटांत ‘५५ एए’ ही खूण. बायोस हा संगणक सुरू होताच चालणारा अंगभूत प्रोग्रॅम हा सेक्टर उचलतो, त्यातला प्रोग्रॅम तक्त्यातला सक्रिय भाग शोधतो, त्या भागाचा पहिला सेक्टर उचलतो, आणि तिथून पुढे ऑपरेटिंग सिस्टिम जागी होते.

ही साखळी समजली की पडद्यावरचे संदेश कोडं राहत नाहीत. एक्सटी सुरू होताना ‘१७०१’ हा आकडा दिसला तर स्वतः डिस्क किंवा तिचा नियंत्रकच उत्तर देत नाही. ‘इनव्हॅलिड पार्टिशन टेबल’ म्हणजे पहिला सेक्टर वाचला गेला, पण तक्त्यातल्या खुणा चुकलेल्या आहेत. ‘एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजे तक्ता ठीक आहे, पण पुढचा सेक्टर वाचता आला नाही. इथे पृष्ठभागाच्या बिघाडाचा संशय घ्यावा. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणजे तो सेक्टर वाचता आला, पण शेवटी ५५ एए नाही. ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ आणि पुढे विंडोज एक्सपीच्या काळात सगळ्यांना ठाऊक झालेला ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ हे त्यापुढच्या पायरीचे: सेक्टर ठीक, फाइल सापडत नाही. साखळी नेमकी कुठे तुटली ते संदेशच सांगतो. तो न वाचता फॉरमॅट मारणं म्हणजे नाडी न पाहता शस्त्रक्रिया करणं.

संदेश न देताही डिस्क संगणक अडवू शकते. बायोस दिलेल्या क्रमाने डिस्का पाहतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की हा क्रम विसरला जातो. मग केवळ फोटो ठेवण्यासाठी जोडलेली जुनी डिस्क पहिली ठरते, आणि तिच्यावर पूर्वीच्या विंडोजचा अर्धामुर्धा अवशेष असेल तर संगणक तिथेच अडकतो. बॅटरी बदलून क्रम नीट लावला की काम होतं. डिस्क निर्दोष असते.

१९८६च्या सुमाराला आयडीई आलं. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांच्या सहकार्यातून डिस्कचा नियंत्रक संगणकातून निघून खुद्द डिस्कवर बसला. त्याआधी डिस्कवर कारखान्याने चिकटवलेला कागद असे. त्यावर खराब जागांची यादी असे आणि डिस्क तयार करताना ती यादी माणसाने संगणकाला भरवायची असे. दोष उघड्यावर होते. पुढच्या काळात डिस्क आपले खराब सेक्टर स्वतःच बाजूला काढून राखीव सेक्टर वापरू लागली. वापरणाऱ्याची सोय झाली, पण डिस्क झिजत चालली आहे हे त्याला दिसेनासं झालं.

आयडीईने दुसरीही अडचण आणली. एका पट्टी-केबलवर दोन डिस्का बसत. जंपर लावून एक मास्टर, दुसरी स्लेव्ह ठरवावी लागे. दोन्ही मास्टर राहिल्या तर दोन्ही दिसेनाशा होऊ शकत. शिवाय बायोसच्या मोजणीला मर्यादा होत्या: आधी ५२८ दशलक्ष बाइट, मग ८.४ अब्ज, मग ३३.८ अब्ज. त्याहून मोठी डिस्क पाहिली की अवॉर्ड बायोसच्या काही जुन्या आवृत्त्या सुरुवातीलाच गोठत. म्हणून काही कंपन्यांनी क्षमता ३२ गीगाबाइट इतकीच दाखवणारा जंपर दिला. निरोगी, कोरी करकरीत डिस्कही संगणक बंद पाडू शकते, हे तेव्हा कळलं. जोडणी आणि केबल आधी तपासण्याचा नियम इथून पक्का झाला.

पहिल्या सेक्टरवर सगळं अवलंबून आहे हे विषाणू लिहिणाऱ्यांनीही ओळखलं. १९८६चा लाहोरचा ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये राही. १९८७चा न्यूझीलंडमधला ‘स्टोन्ड’ हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये शिरला आणि मूळ सेक्टर दुसरीकडे नेऊन ठेवू लागला. त्याच कुळातला ‘मायकेलअँजेलो’ ६ मार्चला जागा होई आणि डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक माहिती लिही. याच लाटेत पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत होते आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय काटकर संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या बाधित संगणकांसाठी संजय यांनी विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यांतूनच १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावरच्या प्रश्नातून मराठी माणसांनी उत्पादन घडवल्याचं हे ठळक उदाहरण आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

विषाणूंनी आणखी एक धडा दिला. पहिला सेक्टर नव्याने लिहिण्यासाठी डॉसमध्ये ‘एफडिस्क’ची एक आज्ञा होती आणि ती रामबाण मानली जाई. पण ‘मंकी’ नावाच्या विषाणूने मूळ तक्ता सांकेतिक करून हलवलेला असे. तिथे ही आज्ञा दिली की विषाणू जाई आणि माहितीकडे जाणारा रस्ताही बंद होई. दुरुस्तीनेच नुकसान झाल्याची अशी उदाहरणं जमत गेली आणि ‘आधी प्रत, मग प्रयोग’ हे तत्त्व रुजलं.

डिस्कने लपवलेली झीज पुन्हा उजेडात आणण्याचे प्रयत्न १९९०च्या दशकात झाले. आयबीएमने १९९२मध्ये बिघाडाचा आगाऊ इशारा देणारी सोय आणली, १९९५मध्ये कॉम्पॅकने डिस्क बनवणाऱ्यांना सोबत घेऊन तशीच पद्धत मांडली, आणि त्यांतून ‘स्मार्ट’ हे मानक घडलं. त्यातल्या चार नोंदी आजही सगळ्यांत आधी पाहाव्यात. पाचवी नोंद बदललेले सेक्टर मोजते, १९७वी वाचता न आल्याने ताटकळलेले, १९८वी दुरुस्त न होणारे, आणि १९९वी केबलमधल्या चुका. शेवटचा आकडा वाढत असेल आणि बाकीचे शून्य असतील तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो.

मात्र या नोंदींवर सगळा भार टाकता येत नाही. गुगलच्या संशोधकांनी २००७मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचं त्यांना आढळलं. पण बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कांनी चार ठळक लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं. वाईट नोंद गांभीर्याने घ्यावी, पण चांगल्या नोंदीवर निर्धास्त राहू नये, असा त्याचा अर्थ.

ऑपरेटिंग सिस्टिम ज्या डिस्कवर नाही अशी मरणासन्न डिस्क संगणक का अडवते, याचं उत्तरही खराब सेक्टरांत मिळतं. सुरू होताना संगणक जोडलेल्या प्रत्येक डिस्कला ओळख विचारतो, तिचा तक्ता वाचतो. नेमका तोच सेक्टर खराब असेल तर डिस्क आतल्या आत पुन्हापुन्हा वाचू पाहते. बाहेर लिनक्स सहसा ३० सेकंद आणि विंडोज ६० सेकंद वाट पाहून पुन्हा विचारतं. अशा काही खेपा झाल्या की मिनिटं जातात आणि संगणक गोठल्यासारखा दिसतो. अशा वेळी दुरुस्तीचं स्कॅन लावणं किंवा फॉरमॅट मारणं हे दमलेल्या हेडला साऱ्या तबकडीवरून फिरवणं आहे.

यावरचा उत्तम उपाय २००४मध्ये अँटोनिओ डियाझ डियाझ यांनी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ या मुक्त प्रोग्रॅममधून दिला. तो आधी सहज वाचता येणारे भाग उतरवून घेतो आणि खराब जागा ओलांडून पुढे जातो. अवघड सेक्टरांशी झगडा शेवटी. कुठे काय वाचलं याचा नकाशा फाइलमध्ये ठेवत असल्याने मधेच थांबवून पुन्हा सुरू करता येतं. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही आणि सगळे प्रयोग प्रतीवर करायचे, ही शिस्त त्याने सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली.

बायोसऐवजी यूईएफआय वापरणाऱ्या आजच्या संगणकांत त्या ५१२ बाइटांची सत्ता संपली आहे. नव्या जीपीटी रचनेत तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, आणि जुन्या तक्त्याची सुमारे दोन टेराबाइटची मर्यादाही उरलेली नाही. पण कपाटात पडलेल्या असंख्य जुन्या डिस्का १९८३च्या त्याच नियमाने लिहिलेल्या आहेत, आणि त्यांत लग्नाचे फोटो आहेत, वडिलांची पत्रं आहेत, दुकानाचे हिशेब आहेत. अशी डिस्क तुमच्याकडे असेल तर ती चालत असतानाच प्रत करून घ्या. ती संगणक अडवू लागली असेल तर आधी ती सोडवा, केबल बदला, आवाज ऐका, संदेश वाचा, नोंदी पाहा आणि प्रत काढा. खट-खट आवाज येत असेल तर वीज तोडून ती जाणकाराच्या हाती द्या. आणि कुणी पहिल्याच वाक्यात ‘फॉरमॅट मारा’ म्हणालं, तर डिस्क परत मागून घ्या.