बेचाळिसावे तुम्ही

पहाटे पाचला बडोद्यातल्या निजामपुऱ्यातून निघा. डिलक्स चार रस्त्यावर अजून चहाची टपरीसुद्धा उघडलेली नाही. गोल्डन चोकडी गेली, जरोद गेलं की उजाडता उजाडता समोर पावागड दिसतो. सपाट मुलखात एकटाच, सुमारे आठशे मीटर उंच. हालोलच्या पुढे चांपानेर. पन्नासएक किलोमीटर झाले.

माचीपर्यंत गाडी जाते, तिथून वर 1986 पासून रोपवे आहे. म्हाताऱ्या माणसांना तो वरदान आहे. तुम्ही मात्र खाली तटापाशी गाडी ठेवा आणि जुन्या दरवाज्यांच्या वाटेनं पायी चढा. हा डोंगर पायांनीच कळतो.

पहिल्या दरवाज्याच्या सावलीत दम खायला टेकता, आणि वरून कुणीतरी हटकतं, "कोण रे तिकडं?" मराठीत! हे 1803 साल आहे, गड शिंद्यांचा आहे. याच वर्षी इंग्रज तो घेतील आणि सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांना परत देतील. आपण बडोदेकर गायकवाडांचं सगळं पाठ म्हणतो; उंबऱ्याशी असलेलं हे शिंद्यांचं ठाणं मात्र विसरतो. चला, वर चला.

आणखी चढलात की वाट सुटते, झाडी दाटते, अंधार पडतो. आता 1535 साल आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह निसटून गेलाय, पण गडावर इख्तियारखान ठाण मांडून आहे आणि मुघल बादशाह हुमायूनचा वेढा हटत नाही. एके दिवशी जंगलातून बाहेर येणारी काही माणसं हुमायूनला दिसतात. "आम्ही लाकूडतोडे," ती सांगतात. कुणाच्याही हातात कुऱ्हाड नाही. ती गडाला धान्य आणि तूप पोचवून येत होती. मग ज्या बाजूनं माल वर चढतो, ती कड्याची बाजू हुमायून जाऊन बघून येतो.

त्याच कड्याखाली तुम्ही उभे आहात. दगडावर पोलाद आदळल्याचा आवाज येतोय. सत्तर-ऐंशी मेखा, एक डावीकडे, एक उजवीकडे, गजभर अंतरानं. एकोणचाळीस माणसं वर गेली. हुमायून पुढे सरतो, त्याचा सरदार बैरामखान त्याला थांबवतो आणि आधी स्वतः चढतो. एक्केचाळिसावा बादशाह. बेचाळिसावे तुम्ही.

मेख हाताला गार लागते. पहिल्यांदा पाय ठेवताना ती हलेल असं वाटतं, हलत नाही. खाली बघू नका. तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा सोडू नका. आजही प्रस्तरारोहणाच्या शिबिरात पहिला धडा हाच देतात. आल्प्समधल्या मों ब्लाँच्या माथ्यावर माणूस पोचायला अजून अडीचशे वर्षं आहेत, आणि इथे, आपल्या बडोद्याच्या पंचक्रोशीत, रात्रीच्या अंधारात तीनशे माणसं उभा कडा चढताहेत. त्या चढाईनं गड पडला. चांपानेरची राजधानी त्यानंतर पुन्हा उभी राहिली नाही.

डोळे उघडा. उन्हं वर आलीत, कालिकामातेच्या पायऱ्यांवर गर्दी आहे. जवळच दहाव्या-अकराव्या शतकातलं लकुलीशाचं देऊळ आहे, तिथे थोडा वेळ शांत बसा. खाली पसरलेलं चांपानेर 2004 पासून जागतिक वारसा आहे. उतरल्यावर तिथल्या जामी मशिदीसाठी दोन तास राखून ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नवरात्रात पायवाटेचा आनंद मिळणार नाही. पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण शेवाळलेल्या दगडांवर घसरायला होतं. चांगल्या तळव्याचे बूट घाला, एकट्यानं आडवाटेला जाऊ नका. माणशी दोन लिटर पाणी हवंच.

आणि रिकामी बाटली परत घरी आणा. विश्वामित्री याच डोंगरात उगवते आणि आपल्याच बडोद्यातून वाहते.