पाहणारे आणि पाहिली जाणारी

श्रीमंत घरातली एक तरुण मुलगी शिकण्यासाठी मोठ्या शहरात येते. मैत्रिणीबरोबर घर भाड्याने घेते, नोकरीच्या पहिल्या दिवशी गोंधळते, रुसते, प्रेमात पडते, भांडते. आणि हे सगळे कॅमेरा टिपत असतो व लाखो माणसे आपापल्या घरी बसून ते पाहत असतात! या प्रकाराला 'रिअ‍ॅलिटी शो' असे नाव आहे. रिअ‍ॅलिटी म्हणजे वास्तव, सत्य. आमच्या चिखलीसारख्या तालुक्याच्या गावीही आता घरोघरी टीव्ही आणि हातोहाती मोबाईल असल्यामुळे अशा कार्यक्रमांचे नवल राहिलेले नाही. मुले ते आवडीने पाहतात. वडील माणसे नावे ठेवतात, आणि नावे ठेवीत ठेवीत तीही पाहतात!

"काय हा काळ आला," असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो की, हा काळ आला तरी केव्हा? शहरातल्या तरुण स्त्रीच्या खाजगी आयुष्याचा चारचौघांत खेळ मांडणे कधी सुरू झाले? आणि ज्या मुलीचा खेळ मांडला गेला, तिला त्याबद्दल काय वाटले, हे कुणी विचारले काय?

प्रथम या नव्या खेळाचीच ओळख करून घेऊ. अमेरिकेत एमटीव्ही या वाहिनीने २००४ साली 'लगूना बीच' नावाची मालिका सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या एका समुद्रकाठच्या संपन्न गावातली शाळकरी मुले-मुली तिच्यात होती. त्यांतलीच एक, लॉरेन कॉनरॅड, पुढे लॉस एंजेलिस शहरात राहायला गेली. तेव्हा तिच्या शहरातल्या नव्या आयुष्यावर २००६ मध्ये 'द हिल्स' ही दुसरी मालिका निघाली. फॅशनचे शिक्षण, एका मासिकाच्या कचेरीतली उमेदवारी, मैत्री आणि मैत्रीतली फाटाफूट, एवढाच तिचा ऐवज. तो इतका चालला की, तिच्या मैत्रिणीला न्यूयॉर्कला नेऊन 'द सिटी' नावाची तिसरी मालिकाही काढण्यात आली.

आता यात सत्य किती? 'द हिल्स'चा शेवटचा भाग २०१० च्या जुलैमध्ये दाखवला गेला. नायिका गाव सोडून निघते, तिचा मित्र रस्त्यावर उभा राहून पाहत राहतो, मागे डोंगर दिसतो. आणि बघता बघता तो डोंगरच बाजूला सरकतो! तो होता रंगवलेला पडदा. कॅमेरा मागे येतो आणि दिसते की, आपण पाहत होतो तो रस्ता चित्रपटाच्या कारखान्यातला आहे. चार वर्षे ज्याला सत्य म्हणून पाहिले, त्याचा पडदा दाखवणाऱ्यांनी स्वतःच असा ओढून नेला. आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला यात फारसे नवल वाटले नसते. राजवाड्याचा पडदा गुंडाळला की मागे जंगलाचा असतो, हे त्याला ठाऊकच होते. फरक एवढाच की, त्याला कुणी राजवाडा खरा आहे असे सांगितले नव्हते.

आता आपण लॉस एंजेलिसहून आपल्या जिल्ह्याच्या गावी येऊ. चिखलीहून एसटीने निघालात, तर तासाभरात बुलढाणा येते. याच बुलढाण्यात एकोणिसाव्या शतकात बापूजी हरी शिंदे नावाचे गृहस्थ डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घर खाऊनपिऊन सुखी, आणि सत्यशोधक विचारांचे. त्यांच्या मुलीचे नाव ताराबाई. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हेच धाडस होते. ताराबाईंना घरी मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही शिकायला मिळाले. ताराबाई राहत होत्या बुलढाण्याला. शहर त्यांच्याकडे आले ते वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून.

१८८१ साली सुरतेला विजयलक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. लोकलाजेस्तव तिने जन्मलेले मूल मारले, असा आरोप होता. सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा दिली. पुढे अपिलात ती कमी झाली. पण कोर्टाचा निकाल लागून प्रकरण मिटले नाही. वर्तमानपत्रांनी ते हाती घेतले. एका विजयलक्ष्मीवरून साऱ्या नव्या स्त्रियांच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू झाला. बायका बिघडल्या, शिकून शेफारल्या, असे लेखांवर लेख येऊ लागले. विजयलक्ष्मी स्वतः त्यात कुठे बोलत होती? कुठेच नाही. ती फक्त पाहिली जात होती.

बुलढाण्यात बसून ताराबाई हे वाचत होत्या, आणि त्यांचा संताप झाला. त्या संतापातून 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध जन्माला आला. १८८२ साली तो पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. भाषा अशी की, जणू ओसरीवर उभे राहून कुणी बाई सगळ्या गावाला खडसावते आहे! एका स्त्रीच्या हातून काही घडले म्हणून त्याचे खापर सगळ्या जातीच्या माथी का, आणि जे दोष तुम्ही बाईच्या अंगी चिकटवता ते पुरुषात नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ताराबाई नुसत्या वर्तमानपत्रांना उत्तर देऊन थांबल्या नाहीत. त्या काळी लोक आवडीने वाचत असलेल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' अशा कादंबऱ्या-नाटकांचाही त्यांनी समाचार घेतला. पुस्तकातली बाई आणि घरातली बाई यांचा मेळ कुठे बसतो, हे त्यांनी तपासून पाहिले. म्हणजे करमणुकीसाठी रंगवलेले स्त्रीचे चित्र खरे धरायचे की नाही, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या एका तरुण बाईने त्या वेळीच विचारून ठेवला होता. त्याचे कौतुक फार थोड्यांनी केले. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पण एरवी पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा वर आले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आलेच नाही.

आता खुद्द शहरातल्या मुलीकडे वळू. मुंबईत रखमाबाई नावाची मुलगी वाढत होती. जन्म १८६४. वडील लवकर वारले, आईने पुनर्विवाह केला. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. घरी पैसा होता, पुस्तके होती, सुधारकांची ये-जा होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. पण त्या सासरी गेल्याच नाहीत. मोठ्या झाल्यावर त्यांनी जाण्यास स्पष्ट नकार दिला. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पुढच्या वर्षी अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. बावीस वर्षांच्या मुलीचे हे उत्तर! मुंबईपासून लंडनपर्यंतच्या वर्तमानपत्रांत या खटल्याची चर्चा झाली. पुण्याच्या 'केसरी'ने आणि 'मराठा'ने रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. मुलीची इस्टेट, मुलीचे शिक्षण, मुलीच्या आईचे दुसरे लग्न, सगळे चव्हाट्यावर आले. दादाजींनी आपली बाजू मांडणारी पुस्तिकाच छापली. रखमाबाईंनी वर्तमानपत्रातून तिला उत्तर दिले. त्याही आधी, १८८५ साली, 'एक हिंदू स्त्री' या टोपण सहीने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर पत्रे लिहिली होती. सारा गाव तिच्याविषयी बोलत होता, आणि ती नाव लपवून गावाशी बोलत होती.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. दुसऱ्या वर्षी रखमाबाई वैद्यक शिकायला लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे स्त्रियांच्या रुग्णालयांतून त्यांनी आयुष्यभर काम केले. १९५५ पर्यंत त्या हयात होत्या. पण गंमत अशी की, खटल्याची तीन-चार वर्षे लोकांच्या जितकी लक्षात राहिली, तितकी त्यांच्या रुग्णालयांतली वर्षे राहिली नाहीत. कारण उघड आहे. पहाटे उठून बाळंतिणीला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंत पाहण्यासारखे काय असते?

रखमाबाईंचा खटला चालू असतानाच, १८८६ साली, नारायण बापूजी कानिटकर यांची 'तरुणी शिक्षण नाटिका' प्रसिद्ध झाली. त्याआधी दोनच वर्षे, १८८४ च्या सप्टेंबरात, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले होते. पेशवाईतल्या घोड्यांच्या पागेच्या जागी ते पुढे नांदले, म्हणून लोक त्याला हुजूरपागा म्हणू लागले. शाळेतल्या मुली अजून धड मोठ्या झाल्या नव्हत्या. तेवढ्यात त्या शिकून मोठ्या झाल्या म्हणजे संसाराची कशी धूळधाण करतील, याचे भविष्य या नाटककाराने रंगवून टाकले. आणि हेही लक्षात घ्या की, त्या काळी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका पुरुषच करीत. म्हणजे शिकलेल्या तरुणीचे बोलणे लिहायचे पुरुषाने, बोलायचे पुरुषाने, आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा तो मात्र मुलींविषयी!

आता तुम्ही म्हणाल, कुठे रखमाबाई आणि कुठे ती अमेरिकेतली फॅशनची मुलगी! तुमचे म्हणणे मला मान्य आहे. एकीला तुरुंगाची धमकी होती, दुसरीला मानधन होते. एकीला कोर्टात ओढले गेले, दुसरी करारावर सही करून कॅमेऱ्यापुढे गेली. हा फरक लहान नाही, आणि तो पुसून टाकला तर रखमाबाईंवर अन्याय होईल. पण एका बाबतीत या गोष्टी जुळतात. दोन्हीकडे मुलीच्या आयुष्यातले काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणारी कात्री दुसऱ्याच्या हाती आहे. चित्रीकरण तासन्‌तास चालते. त्यातून मिनिटे निवडली जातात. निवडताना भांडण राहते, अभ्यास जातो. रडणे राहते, हिशेब जातो. घरभाडे कोण भरते, हा प्रश्न तर श्रीमंतांच्या या मालिकांत उमटतच नाही.

आणि आणखी एक गोष्ट जुळते, ती मला फार बोलकी वाटते. लॉरेन कॉनरॅड २००९ साली 'द हिल्स'मधून बाहेर पडली. त्याच वर्षी तिच्या नावाने एक कादंबरी प्रसिद्ध झाली, 'एल. ए. कँडी'. कथानक काय? लॉस एंजेलिसला आलेली एक मुलगी रिअ‍ॅलिटी शोमध्ये सापडते! पाहिल्या गेलेल्या मुलीला शेवटी लेखणी जवळ करावीशी वाटली. ताराबाईंच्या निबंधाचा जळजळीतपणा तिथे शोधू नका. पण आपली गोष्ट आपणच सांगावी, ही ओढ तीच आहे.

हे सारे चिखलीत बसून का सांगायचे, असेही कुणी विचारील. त्याचे कारण सांगतो. आमच्या भागातल्या मुली आज पुण्याला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला निघतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाल्यापासून तर येणेजाणेही थोडे सोपे झाले आहे. पण घरात जेव्हा 'पाठवायची की नाही' हा विचार होतो, तेव्हा पुष्कळदा बापाच्या डोळ्यांपुढे शहरातली खरी मुलगी नसते. पडद्यावरची असते. खोलीची अनामत, मेसचा डबा, परीक्षेचा ताण, रात्री साडेआठला वसतिगृहाच्या दाराशी पोचण्याची घाई, यांतले काही त्याने पाहिलेले नसते. त्याने पाहिलेली असते ती कात्रीतून उरलेली मिनिटे. आणि त्या मिनिटांवर एका मुलीच्या चार वर्षांचा निकाल लागतो! १८८१ साली एका विजयलक्ष्मीवरून सगळ्या स्त्रिया तोलल्या गेल्या. आज एका मालिकेवरून आपली मुलगी तोलली जाते. तराजू तोच आहे.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. काही मुली हे कार्यक्रम पाहून शहराविषयी भलतीच कल्पना करून घेतात. शहर म्हणजे कपडे, कॉफी आणि मैत्रिणींची भांडणे. मग प्रत्यक्ष शहर भेटले की हिरमोड होतो. त्यांनाही सांगायला हवे की, तो डोंगर रंगवलेला होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. कार्यक्रम पाहू नका, असा उपदेश मी करीत नाही. तो कुणी ऐकायचे नाही. खुशाल पाहा. पण पाहताना ताराबाईंचा प्रश्न जवळ ठेवा. हे चित्र कुणी काढले, कुणासाठी काढले, आणि यातल्या मुलीला बोलू दिले का? आणि शहरातल्या मुलीचे खरे आयुष्य जाणून घ्यायचेच असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत गल्लीतली एखादी पोर घरी येईल, तिला ओट्यावर बसवून घ्या आणि विचारा. ती सांगेल. मधे मधे तिचे बोलणे कापू नका म्हणजे झाले.