यात काय आहे? आणि केवढ्याला?

"बायका जाहिरातीला भुलतात आणि साबण बदलतात." हे वाक्य मी बऱ्याच शहाण्यासुरत्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय. त्याचं जुळं भावंडही आहे: "गरिबाला बचत कळत नाही, म्हणून तो शॅम्पूच्या पुड्या घेतो." साबणाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर ही दोन्ही वाक्यं टिकत नाहीत. आपल्याकडचं गिऱ्हाईक वाण्यासमोर उभं राहून कायम दोनच प्रश्न विचारत आलंय. यात काय आहे? आणि केवढ्याला आहे?

मुळात आपल्याला साबणाची गरजच वाटत नव्हती. केसांना शिकेकाई-रिठा, अंगाला डाळीचं पीठ नाहीतर उटणं, भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. यातलं निम्मं तर फुकटच. अशा देशात १८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या, १८९५ मध्ये लाइफबॉय आला. माल विलायती, वेष्टन देखणं. पण साबण तेल किंवा चरबीपासून बनतो आणि युरोपात गुराढोरांची चरबी सर्रास वापरली जाई. ज्या देशात १८५७ साली काडतुसांना गाय-डुकराची चरबी लावल्याच्या संशयावरून शिपाई बिथरले होते, तिथे ही वडी देवघर असलेल्या घरात कशी जाणार? नुसता सोवळ्याचा हट्ट म्हणून हे उडवून लावू नका. अंगाला काय लावतोय हे विचारायचा हक्क कुणालाही आहे.

या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं एका कुलपं बनवणाऱ्या पारशी गृहस्थाने. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा धंदा सुरू केला होता. वीसेक वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी चरबीचा अंशही नसलेला, निव्वळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला. नाव 'चावी'. मग आला 'नंबर २'. नंबर दोन इतका चांगला तर नंबर एक केवढा चांगला असेल असं लोकांना वाटावं, हा त्या नावामागचा हिशेब असं सांगतात. 'नंबर १' नंतर आला. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी गोदरेजच्या साबणाची जाहिरातीतून शिफारस केली. अर्देशीर यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले, तेही त्या काळातले.

म्हणजे स्वदेशीच्या भावनेचा वाटा होताच. पण नुसत्या भावनेवर रोजची वडी खपत नाही. माल वापरण्याजोगा होता, आणि यात काय आहे याचं उत्तर गिऱ्हाइकाला पटलं होतं. विलायती कंपनीलाही इथेच पाय रोवावे लागले. १९३४ मध्ये मुंबईत, शिवडीला, लिव्हरचा साबण बनू लागला.

हा प्रश्न जुना झाला असं समजू नका. १९८३ मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि सरकारला चरबीच्या आयातीवर बंदी घालावी लागली.

आता दुसरा प्रश्न, पैशाचा. १९५९ मध्ये सर्फ आली. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावडरीला येतो, त्यामुळे बायकांना तिचा उपयोग लगेच कळला. पण किंमत परवडेना. माझ्या आजीच्या घरी पावडर फक्त 'चांगल्या' कपड्यांना, बाकी सगळं वडीने घासून.

१९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या केमिस्टने घरी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. तीच निरमा. साडेतीन रुपयांच्या आसपास किलो, तर नामांकित पावडर तिच्या तिप्पट-चौपट. हाताची आग व्हायची, पण कपडे निघायचे.

मग आल्या ललिताजी. पदर खोचून भाजी निवडणाऱ्या, पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या. भूमिका कविता चौधरी यांची, जाहिरातीमागे अलीक पदमसी. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो, हे त्या ठणकावून सांगायच्या. जाहिरात अजून लोकांच्या तोंडी आहे. पण गंमत बघा, जाहिरात ललिताजींची लक्षात राहिली आणि घराघरात निरमा जातच राहिली. शेवटी लिव्हरलाच 'व्हील' ही स्वस्त पावडर काढावी लागली. सांगा, कोण कुणाला भुललं?

पुडीचीही तीच गोष्ट. १९८३ मध्ये तमिळनाडूतल्या कडलूरहून 'चिक' शॅम्पूच्या पुड्या निघाल्या. ज्याच्या हातात रोज संध्याकाळी मजुरी पडते, त्याने महिनाभराची बाटली आणायची कशातून? शिवाय आपल्याकडे बऱ्याचदा पुडीतला शॅम्पू मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा स्वस्त पडतो. म्हणजे हिशेबातही पुडीवालाच बरोबर! त्या पुड्यांनी आज गटारं तुंबतात हे खरं, पण त्याचा जाब पुडी बनवणाऱ्याला विचारायचा की दोन रुपयांत डोकं धुणाऱ्याला?

आणि आता आजचं. हे दोन्ही प्रश्न विचारणं अवघड होत चाललंय. अंगाच्या साबणात स्निग्धाम्लांचं प्रमाण किती, ते वेष्टनावर 'टीएफएम' म्हणून लिहिलेलं असतं. भारतीय मानकांनुसार पहिल्या ग्रेडच्या 'टॉयलेट सोप'ला ते किमान ७६ टक्के लागतं, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. त्याच फळीवर 'बेदिंग बार' लिहिलेली वडी असते, तिला ४० टक्के पुरतं. दिसायला दोन्ही साबणच. किंमत दहा रुपयांवर तशीच ठेवायची आणि वडी गुपचूप काही ग्रॅमने बारीक करायची, ही युक्ती तर सगळ्यांनाच माहीत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यातलं किती तुमच्या पिशवीत पडलं, हे कळायला वडीवरचा आकडा पुरत नाही, वजनही बघावं लागतं. पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापायचा नियम आहे. अक्षर मुंगीएवढं असतं, पण असतं.

तेव्हा या महिन्याचं सामान भरताना तीन गोष्टी वाचा: साबण की बेदिंग बार, टीएफएम किती, ग्रॅमला किती पैसे. आणि दुकानात एखादी बाई दोन वड्या उलट्यासुलट्या करून वाचत उभी असेल, तर मागून "आटपा हो" म्हणू नका. अशाच बायकांनी मोठमोठ्या कंपन्यांना भाव उतरवायला लावलाय.