भिंगार छावणीतील गोरा शिपाई

भिंगार हे अहमदनगर शहराहून जुने गाव होय. 1490 मध्ये अहमद निजामशहाने बहमनी फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, आणि 1707 मध्ये औरंगजेबाचे देहावसान झाले तेही येथल्याच मुक्कामी. त्यामुळे फौजेचा तळ भिंगारकरांना नवा नव्हता. तळ उठला की गाव पुन्हा आपले होई, हा शिरस्ता मात्र इंग्रजी अमलात मोडला. 12 ऑगस्ट 1803 रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या किल्लेदाराकडून भुईकोट किल्ला घेतला, पेशव्यांशी झालेल्या 1817 च्या पुणे करारानंतर तो कायमचा इंग्रजांकडे राहिला, आणि गावाला लागून छावणी, म्हणजे लष्कराच्याच कारभाराखाली चालणारी स्वतंत्र वसाहत, उभी राहिली. तिलाच लोक पुढे कॅम्प म्हणू लागले.

या छावणीत येणारा गोरा शिपाई, ज्याला बोलीत टॉमी म्हणत, तो सरसकट ‘इंग्रज’ समजला जाई, पण ही समजूत अपुरी आहे. 1830 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यातील शंभरांपैकी सुमारे 42 शिपाई आयर्लंडचे होते, म्हणजे ज्या देशावर इंग्लंडचेच राज्य होते तेथले. स्कॉटलंड आणि वेल्स येथील गरीब घरांतली मुलेही दिवसाला एक शिलिंग पगारावर भरती होत. ज्या हातांनी दख्खनवर साम्राज्याचा ताबा ठेवला त्यांतील अनेक हात स्वतःच्या गावी भाकरीला महाग होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय या शिपायाचे आयुष्य नीट समजत नाही.

1857 च्या उठावानंतर मुंबई इलाख्यात तीन हिंदी शिपायांमागे एक गोरा असावा अशी शिफारस झाली, आणि गोऱ्यांना जिवंत कसे ठेवायचे हा प्रश्न ऐरणीवर आला. कारण 1863 च्या आरोग्यविषयक शाही आयोगाच्या अहवालानुसार हिंदुस्थानातील गोऱ्या शिपायांपैकी हजारी 69 जण दरवर्षी मरत होते आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे, तर पटकी, हगवण व ताप यांनी दगावत. त्यानंतर देशभरच्या छावण्यांत बराकी, म्हणजे शिपायांच्या सामाईक राहण्याच्या लांब इमारती, एकमेकींपासून दूर, उंच छताच्या व रुंद पडव्यांच्या बांधण्यावर भर दिला गेला. छावणी गावापासून अलग राखण्याचा हा सारा खटाटोप होता, तरी एतद्देशीय माणसांवाचून तिचा दिवस उजाडत नव्हता: भिस्ती कातडी पखालीतून पाणी आणी, न्हावी पहाटेच्या बिगुलाआधी दाढ्या करी, आणि धोबी प्रत्येक शिपायाच्या सदऱ्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाने बारीक खूण करी, जी भट्टीतही निघत नसे. लष्कराच्या परवानगीने वसलेल्या सदर बाजारावर या सेवेकऱ्यांची घरे चालत. लग्नाची परवानगी शंभरांतल्या मोजक्याच शिपायांना मिळे. बाकीच्यांसाठी 1864 च्या छावणी कायद्याने वेश्यावस्तीवर लष्करी देखरेख आणली आणि तिचा जाच शिपायांना नव्हे, तर त्या स्त्रियांना सोसावा लागला. छावण्यांच्या इतिहासात या स्त्रियांना फार थोडी जागा मिळाली आहे.

लग्नाची परवानगी मिळालेल्या मोजक्यांपैकी लिओ अल्फान्सो मिलिगन हा एक होता. 1890 मध्ये जन्मलेला हा आयरिश तोफखान्यात, म्हणजे रॉयल आर्टिलरीत, होता आणि पुढे रेजिमेंटल सार्जंट मेजर, म्हणजे अधिकारी व शिपाई यांच्यामधला सर्वांत वरचा हुद्देदार, झाला. 16 एप्रिल 1918 रोजी अहमदनगर येथे त्याची पत्नी फ्लोरेन्स हिच्या पोटी टेरेन्स हा मुलगा जन्मला. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि नगरलाच जर्मन व ऑस्ट्रियन नागरिक काटेरी तारांआड स्थानबद्ध होते. मुलाचे बालपण पुण्यात गेले, नंतर रंगूनमध्ये. फौजेत काटकसर सुरू झाली तेव्हा, 1930 च्या दशकाच्या आरंभी, कुटुंब लंडनला गेले. तेथेही मूळ धरले नाही, आणि लिओ उतारवयात पत्नीसह ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात, वॉय वॉय या समुद्रकाठच्या गावी, जाऊन राहिला. 1969 मध्ये तो वारला.

आयर्लंड, नगर, पुणे, रंगून, लंडन आणि ऑस्ट्रेलिया अशा या फिरत्या संसाराची किंमत त्याच्या मुलाला मोजावी लागली. टेरेन्स, म्हणजे पुढे विनोदी लेखक व नट म्हणून गाजलेला स्पाइक मिलिगन, दुसऱ्या महायुद्धात वडिलांच्याच तोफखान्यातून उत्तर आफ्रिका व इटलीत लढला आणि जखमी झाला. परंतु पिता आयरिश व जन्म हिंदुस्थानातला, म्हणून 1960 च्या सुमारास ब्रिटिश पासपोर्टवरील त्याचा हक्क सहजी मान्य होईना, तेव्हा वडिलांच्या आधारे त्याने आयरिश नागरिकत्व घेतले.