निमाई घोष आणि निगेटिव्हचा वारसा

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, डायमंड हार्बर रस्त्यालगत पसरलेल्या बेहाला या उपनगरात बरिशा नावाचा जुना भाग आहे. सावर्ण रायचौधुरी घराण्याची वस्ती तेथली. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीला १,३०० रुपयांत देणारे खत या घराण्याने १० नोव्हेंबर १६९८ रोजी करून दिले. ते ज्या आटचाला मंडपात झाल्याचे सांगतात, त्याचे खांब आजही उभे आहेत. १६१० पासूनची दुर्गापूजाही तेथे होत आली आहे. खतामुळे नावे उरली, खांबांमुळे जागा उरली. चेहरे उरले नाहीत.

चेहरा मागे ठेवण्याची सोय पुढे कॅमेऱ्याने केली. १८४० च्या सुमारास तो कोलकात्यात पोहोचला, आणि आधी धनिकांच्या, मग मध्यमवर्गीयांच्या भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी आल्या. या तसबिरींच्या व्यवहारात एक विषमता मात्र कायम राहिली. तसबिरीला चंदनाचा टिळा लागतो, हार चढतो. ती टिपणाऱ्याचे नाव मागच्या पुठ्ठ्यावरील शिक्क्याबरोबर पुसट होत जाते. ज्याच्या हातून दुसऱ्यांचा वारसा घडतो, त्याचा स्वतःचा वारसा कोणता, हा प्रश्न या कलेच्या इतिहासात क्वचितच विचारला गेला आहे. निमाई घोष यांचे आयुष्य त्याचे एक उत्तर आहे.

घोष यांचा जन्म १९३४ चा. ते मुळात नट. उत्पल दत्त यांच्या लिट्ल थिएटर ग्रुपमध्ये त्यांची जडणघडण झाली. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नव्हते. टॅक्सीत कोणाचा तरी राहून गेलेला एक साधा कॅनोनेट कॅमेरा मित्रामार्फत त्यांच्या हाती आला, हा निव्वळ योगायोग. १९६८ मध्ये तो घेऊन ते नटमित्र रबी घोष यांना भेटण्यास रामपूरहाटच्या परिसरात गेले. तेथे ‘गुपी गाइन बाघा बाइन’चे चित्रीकरण चालू होते, आणि तालीम घेत असलेल्या सत्यजित राय यांची काही छायाचित्रे त्यांनी टिपली. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ती राय यांच्यापुढे ठेवली, तेव्हा आपलेच कोन या माणसाने चोरले, असे राय थट्टेने म्हणाले.

राय यांची दाद सहज मिळणारी नव्हती. त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी हाफटोन मुद्रणाच्या तंत्रात स्वतंत्र संशोधन केले होते, तर वडील सुकुमार १९११ मध्ये छायाचित्रण व मुद्रण शिकण्यासाठी इंग्लंडला गेले होते. छायाचित्राची पारख त्या घरात तीन पिढ्यांची होती.

पुढची सुमारे पंचवीस वर्षे, १९९१ च्या ‘आगंतुक’पर्यंत, घोष राय यांच्यामागे राहिले. ‘फ्लॅश’ त्यांनी वर्ज्य मानला. असेल त्या उजेडात, समोरच्याला चाहूल न लागू देता काम करायचे. कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा लावलेले राय, घरी टेबलाशी रेखाटन करणारे राय, नटाला हातवारे करून दाखविणारे राय अशी सुमारे ९०,००० छायाचित्रे त्यांतून साठली. जॉन्सनचे चरित्र लिहिणाऱ्या बॉस्वेलशी राय यांनी त्यांची तुलना केली. या बॉस्वेलच्या हाती लेखणीऐवजी कॅमेरा होता, एवढाच फरक.

मराठी वाचकाला येथे बॉस्वेलपेक्षा म्हाइंभट अधिक जवळचा वाटेल. चक्रधरांच्या लीळा गोळा करीत तो गावोगाव हिंडला आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे आक्रमणाच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आढळतात. शब्दाला ही सवलत आहे. निगेटिव्हला ती नाही. जळालेली निगेटिव्ह कोणाच्याही पाठांतरातून परत येत नाही. कोलकात्याने हे १९९१ मध्येच पाहिले: बोर्न अँड शेफर्ड या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या स्टुडिओला आग लागली आणि त्याच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. व्हाइसरॉय आणि संस्थानिक ज्याच्या कॅमेऱ्यापुढे बसले, तो स्टुडिओ २०१६ मध्ये बंदही पडला.

बंगालच्या दमट हवेत फिल्मला बुरशी धरण्यास आग लागावी लागत नाही, एखाददुसरा पावसाळा पुरतो. प्रस्थापित स्टुडिओला जे साधले नाही ते एका व्यक्तीने घरात सांभाळावे, यात चिकाटीचा वाटा प्रतिभेपेक्षा कमी मानता येणार नाही. २३ एप्रिल १९९२ रोजी राय गेले, तरी घोष थांबले नाहीत. कोलकात्याच्या रंगभूमीवरील त्यांच्या छायाचित्रांचे ‘ड्रॅमॅटिक मोमेंट्स’ हे पुस्तक २००० मध्ये निघाले. चित्रकार, शहर आणि आदिवासी प्रदेश हेही त्यांचे विषय झाले. २०१० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा प्रचंड संग्रह पुढे दिल्ली आर्ट गॅलरीकडे गेला. कोलकात्याच्या चेहऱ्यांसाठी दिल्लीत निवारा शोधावा लागला, ही गोष्ट बंगालला भूषणावह म्हणता येणार नाही. निगेटिव्हच्या दृष्टीने मात्र ती हिताचीच झाली.

२५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, घोष यांचे निधन झाले. चौकटीच्या कडेला अर्धवट दिसणारा सहायक कोण, तो प्रसंग कोणत्या दुपारचा, राय त्या क्षणी कोणावर रागावले होते, हे निगेटिव्ह सांगत नाही. त्यांतले काही घोष यांनी ‘माणिकदा’ या आठवणींच्या पुस्तकात शब्दांतच लिहून ठेवले आहे.